कार्व्हरच्या गावातला विमानतळ

(१९८६च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि "अमेरिकेबद्दल काहीतरी बोल" एवढंच सांगितलं आहे. अमेरिकेबद्दल आपल्या ग्रुपवर सगळ्यांनाच सगळं माहीत असतं, त्यामुळे त्या वाटेला मी जात नाही. मी राहते त्या अटलांटापासून गाडीनं दोन-सव्वादोन तासांवर अलाबामा राज्यात एक छोटं गाव आहे. तिथल्या एका विमानतळाबद्दल बोलणार आहे. गावाचं नाव टस्कीगी.

बघा, मागच्या रांगेतून लगेच "कार्व्हर!" असा आवाज आला. येणारच होता. वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' १९८१ साली आलं आणि आपण आठवी-नववीत असताना ते आपल्या वर्गात हातोहात फिरलं. वाचनालयातली प्रत परत जायच्या आत पुढच्याचा नंबर लागलेला असायचा. त्यामुळे अमेरिकेत आल्यावर न्यूयॉर्क, शिकागो यांच्याइतकंच टस्कीगी हे नाव मला ओळखीचं होतं. माझ्या ऑफिसातल्या अमेरिकन सहकाऱ्यांना याचं फार आश्चर्य वाटतं. त्यांच्यापैकी बहुतेकांना टस्कीगी आठवतं ते वैमानिकांमुळे. आपल्याला कार्व्हर माहीत, त्यांना वैमानिक माहीत, आणि गाव एकच.

काळही एकच, हे मात्र मला फार उशिरा कळलं. कार्व्हर ५ जानेवारी १९४३ रोजी गेले. त्यांच्या अखेरच्या दीड वर्षात त्या गावाच्या आकाशात रोज सकाळपासून शिकाऊ वैमानिकांची विमानं घिरट्या घालत होती. अमेरिकी लष्करानं कृष्णवर्णीय तरुणांना लढाऊ वैमानिक म्हणून शिकवायला घेतलं ते प्रथम या गावात, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरपर्यंत जवळजवळ सगळं शिक्षण इथंच झालं.

त्याआधी काय होतं ते थोडक्यात सांगते. १९२५ साली अमेरिकेच्या आर्मी वॉर कॉलेजनं एक अहवाल केला. कृष्णवर्णीय माणूस बुद्धीनं आणि धैर्यानं कमी असतो, अवघड लष्करी कामाची जबाबदारी त्याच्यावर टाकू नये, असा त्याचा निष्कर्ष. भाषा शास्त्रीय अभ्यासाची, आतला माल पूर्वग्रहाचा. पुढची पंधरा वर्षं हे मत कागदोपत्री वापरलं गेलं. १९४० साली हवाई दलाचे प्रमुख जनरल आर्नल्ड यांनी आणखी एक अडचण मांडली. काळा माणूस वैमानिक झाला की अधिकारी होणार, मग गोऱ्या सैनिकांना त्याला सलाम करावा लागणार, आणि तो सामाजिक प्रश्न सुटण्यासारखा नाही!

आपल्याकडच्या लोकांना हे नवीन वाटायचं कारण नाही. इंग्रजांच्या 'लढाऊ जमाती'च्या सिद्धांतानं १८९०च्या दशकात महारांची सैन्यभरती बंद झाली होती. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी कंपनीच्या फौजेत पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केली, त्यांनाच तुम्ही लढवय्ये नाही असं सांगण्यात आलं. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली त्याविरुद्ध विनंतीपत्र लिहिलं. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा एक पलटण उभी केली, युद्ध संपल्यावर मोडली. आणि मग बाबासाहेबांच्या पाठपुराव्यानंतर बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली ती ऑक्टोबर १९४१मध्ये. टस्कीगीची पहिली तुकडी विमानं उडवायला शिकत होती, तोच हा हंगाम. दोन्हीकडे दार उघडलं ते युद्धाची गरज आणि आतल्या लोकांचा रेटा, दोन्ही एकत्र आल्यावर.

टस्कीगीतला रेटा १९३९ साली सुरू झाला. युरोपात युद्ध पेटलं होतं, आणि अमेरिकी सरकारनं महाविद्यालयांतून नागरी वैमानिक तयार करायची योजना काढली होती. तिच्यात कृष्णवर्णीयांच्या काही संस्थांनाही जागा मिळाली. टस्कीगी संस्थेचे तेव्हाचे अध्यक्ष फ्रेडरिक पॅटरसन यांनी ती संधी उचलली. वर्ग होते, विद्यार्थी होते, फक्त विमानतळ नव्हता. मुलं सुमारे पासष्ट किलोमीटरवरच्या माँटगोमेरीला जाऊन उडायची. मग गावाजवळ केनेडी नावाच्या जमीनमालकाचं एक कुरण भाड्यानं घेतलं आणि विद्यार्थ्यांनीच झाडं तोडून, खड्डे बुजवून ते विमान उतरण्यालायक केलं. कार्व्हरच्या संस्थेची रीतच ती. बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या वेळी मुलांनी स्वतः विटा भाजून इमारती बांधल्या होत्या. पहिल्या तुकडीतले सगळे लेखी परीक्षेत उत्तीर्ण झाले.

शिकवायला आले चार्ल्स आल्फ्रेड अँडरसन. सगळे त्यांना 'चीफ' म्हणत. या माणसाबद्दल स्वतंत्र भाषण करता येईल. त्यांना कुणी शिकवायला तयार नव्हतं, म्हणून त्यांनी साठवलेले आणि उसने घेतलेले पैसे घालून स्वतःचं विमान विकत घेतलं, आणि खटपट करत १९२९ साली परवाना मिळवला. वरच्या दर्जाचा परवाना मिळवायला पुढे मदत केली ती एका जर्मन वैमानिकानं. १९३२ साली तोही मिळाला. टस्कीगीत त्यांच्या हाताखालून किती मुलं गेली याची गणती नाही.

याच चीफबरोबर राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट २९ मार्च १९४१ रोजी विमानात बसल्या. बरोबरचे सुरक्षारक्षक घाबरले, पण बाई ऐकणाऱ्या नव्हत्या. अर्धा-पाऊण तास हिंडून आल्या आणि हसत उतरल्या. फोटो सगळीकडे छापून आला. या फेरीमुळेच सरकारनं कृष्णवर्णीय वैमानिकांना मंजुरी दिली, अशी गोष्ट आजही सांगतात, सिनेमातही दाखवतात. तारखा पाहिल्या तर ते जमत नाही. लष्करानं स्वतंत्र कृष्णवर्णीय स्क्वाड्रनची घोषणा त्याआधीच, जानेवारीत, केली होती, आणि ९९वं स्क्वाड्रन कागदावर उभंही राहिलं होतं. त्या घोषणेमागे वर्तमानपत्रांनी लावून धरलेली मागणी होती, निवडणुकीचं राजकारण होतं, आणि हॉवर्ड विद्यापीठाच्या यान्सी विल्यम्स या विद्यार्थ्यानं सरकारवर आणलेला दावा होता. रूझवेल्टबाईंचं खरं काम वेगळं. रोझेनवाल्ड फंडाच्या त्या विश्वस्त होत्या, आणि त्या फंडानं टस्कीगी संस्थेला विमानतळ बांधायला १,७५,००० डॉलरचं कर्ज दिलं. पैसा उभा राहिला म्हणून विमानतळ उभा राहिला. मी सिव्हिल इंजिनिअर आहे, मला फोटोपेक्षा हे जास्त महत्त्वाचं वाटतं!

त्या पैशातून बांधला तो मोटन फील्ड. संस्थेचे दुसरे प्रमुख रॉबर्ट मोटन यांचं नाव त्याला दिलं. कंत्राटदार आर्ची अलेक्झांडर, हेही कृष्णवर्णीय इंजिनिअर. काम वेळेत व्हावं म्हणून संस्थेचे कारागीर आणि विद्यार्थी हातभार लावायला आले. धावपट्टी म्हणून जे होतं ते गवताचं मैदान. एक विटांचा हँगर, कार्यालयाच्या छोट्या इमारती, पोरांना कपडे बदलायला आणि अंघोळीला खोल्या. बस. इथं प्राथमिक शिक्षण व्हायचं. पुढच्या शिक्षणासाठी गावापासून काही मैलांवर लष्करानं स्वतःचा मोठा तळ बांधला, टस्कीगी आर्मी एअर फील्ड. त्याचा आराखडा हिलयार्ड रॉबिन्सन या कृष्णवर्णीय वास्तुविशारदाचा, बांधकाम नॅशव्हिलच्या मॅकिसॅक अँड मॅकिसॅक या कृष्णवर्णीयांच्या कंपनीचं. टेकड्या कापायच्या, ओहोळ बुजवायचे, अलाबामाच्या पावसात लाल चिखल तुडवायचा, आणि मुदत काही महिन्यांची. धावपट्ट्यांचं काम पुरं व्हायच्या आतच पहिली तुकडी तिथे शिकायला आली आणि तंबूत राहिली. ज्यांनी पावसाळ्यात साइटवर काम केलं आहे त्यांना हे चित्र डोळ्यांसमोर येईल.

आता ज्यासाठी मी हा विषय निवडला तिथे येते. हा तळ सगळ्यांना हवा होता असं समजू नका. कृष्णवर्णीयांतल्याच कितीतरी जाणत्या माणसांचा त्याला विरोध होता. विल्यम हेस्टी हे मोठे कायदेपंडित. युद्धमंत्र्यांचे सल्लागार म्हणून सरकारनंच त्यांना नेमलेलं. त्यांचं म्हणणं असं की वैमानिक शिकवायचे तर इतरांबरोबर शिकवा. वेगळा तळ म्हणजे वेगळेपणावर सरकारी शिक्का, आणि तोही सिमेंट-काँक्रीटचा. एकदा बांधलात की मोडणं अवघड. शिकागोचे वैमानिकही त्याच मताचे होते. एनएएसीपी ही त्यांची मोठी संघटनाही नाराज होती. पॅटरसन यांच्यावर तर उघड टीका झाली की आपल्या संस्थेला काम मिळावं म्हणून यांनी वेगळेपण पत्करलं.

पॅटरसन यांची बाजूही ऐकायला हवी. अलाबामासारख्या दक्षिणेतल्या राज्यात, १९४१ साली, एकत्र शिक्षण मागणं म्हणजे काहीच न मिळणं. युद्ध चार-दोन वर्षांत संपेल. तोपर्यंत एकही मुलगा उडाला नाही, तर १९२५चा अहवाल खरा ठरेल. आधी उडून दाखवू दे, मग भांडू.

मी या दोघांचं बरंच वाचलं आणि माझं मत पॅटरसनच्या बाजूनं पडतं. पण हेस्टीनं जी जी भीती घातली होती ती जवळपास सगळी खरी झाली, हेही कबूल केलं पाहिजे. गोऱ्या मुलांसाठी प्राथमिक, मूलभूत आणि प्रगत शिक्षणाचे तळ देशभर वेगवेगळे होते. टस्कीगीत मात्र मूलभूत शिक्षणापासून पी-४० हे लढाऊ विमान हाताळण्यापर्यंत सगळं एकाच तळावर कोंबलं. जागा मोजक्या, त्यामुळे पात्र ठरलेले तरुण देशभर कित्येक महिने बोलावण्याची वाट पाहत बसले. पुढे कृष्णवर्णीयांचा बॉम्बर ग्रुप काढला, तेव्हा वैमानिक मिळाले पण दिशादर्शक आणि बॉम्ब टाकणारे तज्ज्ञ पुरेसे मिळेनात, कारण ते शिकवायची सोय टस्कीगीत नव्हती. तो ग्रुप युद्ध संपेपर्यंत लढाईवर गेलाच नाही. हेस्टींनी जानेवारी १९४३मध्ये निषेध म्हणून राजीनामा दिला.

शिक्षण कसं चालायचं ते सांगते, कारण संग्रहालयात सगळ्यात जास्त वेळ मी तिथेच रेंगाळते. मोटन फील्डवर पीटी-१७ जातीचं स्टिअरमन विमान. दोन पंखांच्या जोड्या, एकावर एक. दोन उघड्या बैठका, पुढेमागे. शिक्षक बोलणार एका नळीतून, ती शिष्याच्या टोपीतल्या कानाशी जोडलेली. पण नळी एकेरी! मास्तरांनी बोलायचं, विद्यार्थ्यानं ऐकायचं, उलट उत्तराची सोयच नाही. (सर हसताहेत. आपल्या गणिताच्या तासाला ही नळी चालली असती.) या विमानाच्या पुढच्या चाकांतलं अंतर कमी, त्यामुळे उतरताना जरा चुकलं की गाडी गर्रकन स्वतःभोवती फिरून पंख जमिनीला घासायचा. इथे साधारण साठ तास उडायचं. मग मोठ्या तळावर बीटी-१३, नंतर एटी-६, आणि दर टप्प्याला गळती. मोटन फील्डवरचे बरेच शिक्षक कृष्णवर्णीय होते, चीफ अँडरसन त्यांचे प्रमुख. मोठ्या तळावरचे मात्र सुरुवातीला गोरे अधिकारी.

पहिल्या तुकडीचं उद्घाटन १९ जुलै १९४१ रोजी संस्थेच्या आवारात, बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या पुतळ्यासमोर झालं. तेराजण होते. ७ मार्च १९४२ रोजी छातीवर पंख लावून बाहेर पडले ते पाच.

त्या पाचांत एक कॅप्टन होते, बेंजामिन डेव्हिस. वडीलही लष्करात, कृष्णवर्णीयांतले पहिले जनरल. मुलगा वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत गेला. तिथे चार वर्षं, म्हणजे १९३२ ते १९३६, कामापुरतं सोडून एकाही सहाध्यायानं त्याच्याशी बोलणं ठेवलं नाही. खोलीत एकटा, जेवणाच्या टेबलावर एकटा. त्यानं सोडून जावं म्हणून. तो गेला नाही, २७६ जणांत ३५वा आला. हवाई दलात जायचं म्हणाला तर उत्तर मिळालं की काळ्यांचं स्क्वाड्रन नाही, तेव्हा जागा नाही. आपण आज इथे चाळीस वर्षांनी एकमेकांना मिठ्या मारतो आहोत, म्हणून या माणसाची वर्गातली चार वर्षं मला जास्तच बोचतात. पुढे युद्धात त्यानं आपल्या वैमानिकांचं नेतृत्व केलं, आणि १९५४ साली हवाई दलातला पहिला कृष्णवर्णीय जनरल झाला.

तळावरही वेगळेपण होतंच. कर्नल किंबल प्रमुख असताना जेवणघरांवर, स्वच्छतागृहांवर 'गोरे' आणि 'काळे' अशा पाट्या होत्या. देशासाठी मरायला शिकवणार, पण पाणी वेगळं. १९४२च्या डिसेंबरात नोएल पॅरिश प्रमुख झाले. हेही गोरे, दक्षिणेतलेच. पण त्यांनी पाट्या उतरवल्या, मुलांची बाजू वर कळवली, आणि उदास झालेल्या तळावर करमणुकीला नामवंत कलाकार आणले. क्रांतिकारक नव्हते. आपलं काम वैमानिक शिकवायचं आहे आणि ते नीट व्हायला हवं, एवढंच ते धरून बसले. युद्धानंतर त्यांनी वेगळेपणामुळे हवाई दलाचं नुकसान कसं होतं यावर प्रबंध लिहिला.

मैत्रिणींसाठी मिल्ड्रेड हेमन्सची गोष्ट. ही टस्कीगीची विद्यार्थिनी, नागरी योजनेतून शिकून १९४१ साली परवाना मिळवणारी. अलाबामातली पहिली कृष्णवर्णीय महिला वैमानिक. स्त्री वैमानिकांच्या लष्करी दलात अर्ज केला तर रंगामुळे नकार आला. तिचा मित्र, पुढे नवरा, हर्बर्ट कार्टर तळावर शिकत होता. भेटायला सवड मिळायची नाही. मग दोघं आकाशात भेटायची. ती तिच्या छोट्या पायपर कबमध्ये, तो एटी-६मध्ये, मार्टिन तलावावर तीन हजार फुटांवर. त्याचं विमान वेगवान, तिचं मंद, त्यामुळे हात हलवण्याएवढीच भेट.

युद्धातल्या कामगिरीवर सिनेमे निघाले आहेत, म्हणून तिथे लांबण लावत नाही. ९९वं स्क्वाड्रन १९४२च्या उन्हाळ्यात तयार होतं. पण त्याला कुठे पाठवायचं यावरच महिने गेले आणि ते एप्रिल १९४३मध्ये निघालं. जुलैत चार्ल्स हॉलनं सिसिलीवर पहिलं शत्रूचं विमान पाडलं. तरी हे लढत नाहीत, यांना मागे न्या असा अहवाल वर गेलाच, आणि डेव्हिसना वॉशिंग्टनमध्ये समितीपुढे उत्तर द्यावं लागलं. जानेवारी १९४४मध्ये अँझिओवर दोन दिवसांत डझनभर विमानं पाडली, तेव्हा कुठे ती कुरकुर थांबली. मग लाल शेपट्यांची पी-५१ विमानं, इटलीहून बॉम्बर विमानांच्या संरक्षणाला. त्यांनी एकही बॉम्बर गमावला नाही, असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. हवाई दलाच्या इतिहासकारानं नोंदी तपासल्या तेव्हा संख्या सत्तावीस निघाली. त्याच आघाडीवरच्या इतर गटांची सरासरी होती शेहेचाळीस. मला विचाराल तर सत्तावीस हा आकडा शून्यापेक्षा कितीतरी चांगला. शून्य ही दंतकथा झाली. सत्तावीस म्हणजे खरी माणसं खऱ्या आकाशात इतरांपेक्षा चांगलं काम करत होती.

टस्कीगीतून नऊशेहून अधिक वैमानिक तयार झाले, त्यांतले साडेतीनशेंच्या वर परदेशी आघाडीवर गेले. परत आल्यावर पुन्हा त्याच पाट्या. एप्रिल १९४५मध्ये इंडियानातल्या फ्रीमन फील्डवर अधिकारी क्लबांच्या वेगळेपणाच्या नियमावर सही नाकारल्याबद्दल १०१ कृष्णवर्णीय अधिकाऱ्यांना अटक झाली. युद्ध अजून चालू होतं! २६ जुलै १९४८ रोजी ट्रूमन यांनी सैन्यात समान वागणुकीचा आदेश काढला. हेस्टींना हवं होतं ते सात वर्षांनी आलं. पॅटरसनच्या मुलांनी उडून दाखवलं नसतं तर ते इतक्या लवकर आलं असतं का, आणि हेस्टींनी गप्प बसून घेतलं असतं तर आलंच असतं का, यावर चहाच्या वेळी वाद घालायला मी तयार आहे. इतिहासाच्या बाईंना पंच नेमू.

मोठा तळ १९४६ साली शेवटची तुकडी काढून थांबला. आज तिथे पाइनचं रान माजलं आहे आणि जमीन खासगी आहे. हेस्टी म्हणाले होते, बांधलात की मोडणं अवघड, पण काँक्रीटचं काम झाडांनीच केलं. मोटन फील्ड मात्र टिकला. १९९८ साली तो राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ झाला. २००८मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. एक हँगर १९८९च्या आगीत गेला होता, तोही पुन्हा बांधला. पहिल्या हँगरमध्ये स्टिअरमन उभं आहे. शेजारचं मैदान अजूनही गावाचा विमानतळ आहे, छोटी विमानं येतात-जातात.

अटलांटाला येणं झालं तर मला कळवा. मी गाडी काढीन. सकाळी आठला निघालो तर, तिथलं घड्याळ एक तास मागे असल्यामुळे, सव्वानऊला पोचतो. आधी कार्व्हर संग्रहालय, मग कार्व्हर आणि वॉशिंग्टन यांच्या शेजारी-शेजारी असलेल्या समाध्या, आणि दुपारी मोटन फील्ड. जेवणाचा डबा बरोबर घ्यायचा, कारण गाव लहान आहे आणि आपल्याला भाकरी कुणी देणार नाही.